दर शुक्रवारचा वाढदिवस

दीनाताई आढाव प्रार्थनेला उभी राहिली, की आमच्या चर्चच्या मंडळीतले अर्धे लोक भक्तीने डोळे मिटायचे आणि अर्धे भीतीने. मी भीतीवाल्या अर्ध्यात.

आमच्यात प्रार्थना चालू असताना मध्ये बोलत नाहीत. पाळकसाहेब असोत नाहीतर कमिटीचे अध्यक्ष, एकदा कुणी ‘हे प्रभू’ म्हटलं की ‘आमेन’ होईपर्यंत सगळ्यांच्या माना खाली. कोर्टात समोरच्या वकिलाला अडवता येतं, लग्नात भटजींना घाई करता येते. पण देवाशी बोलणाऱ्याला ‘अहो, पुरे’ म्हणायची सोय नाही. दीनाताई ह्या गोष्टीचा पुरेपूर फायदा घ्यायची. जे तोंडावर बोलायला माणसं कचरतात ते ती देवाला सांगायची, मोठ्याने, नावासकट.

मी लग्न होऊन नगरहून घाटकोपरच्या ह्या मंडळीत आले, तेव्हा माझा पक्का समज होता की देवाने मला गळा दिलाय. माहेरी नाताळच्या कार्यक्रमात मी एकटीने गायले होते आणि माझी आत्या रडली होती. त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती, हे मला फार उशिरा कळलं. तर नवी सून म्हणून इथल्या पाळकसाहेबांनी मला एक गीत म्हणायला सांगितलं. मी गुलाबी नायलॉनची साडी नेसून, मान तिरकी करून, डोळे मिटून गायले. शेवटच्या कडव्याला पेटीवाल्याने पेटी वाजवायची थांबवली. मला तो आदर वाटला. ती ठमाबाई आज समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग स्वतःच्या कानात कापूस घालीन.

गीत संपलं आणि दीनाताई उठली.

“हे प्रभू, ह्या नव्या सुनेला तू आवाज मोठा दिलास. सूर द्यायचा राहिला असेल तर अजून वेळ गेलेली नाही. नाहीतर हिला नम्रता दे. दोन्हीपैकी तुला जे सोपं पडेल ते दे.”

मंडळी “आमेन” म्हणाली ती इतक्या मनापासून, की माझ्या सासूबाईंचाही आवाज मला त्यात वेगळा ऐकू आला.

मी कित्येक आठवडे दीनाताईशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही. एका रविवारी ती चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन घरी आली, डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, “शीले, तुझ्या समोरच बोलले ना? तू नसताना नाही बोलले.” एवढंच तिचं स्पष्टीकरण. भाजणी मात्र अशी होती, की पहिल्या घाण्यालाच माझा राग विरघळला.

पुढे मंडळीने तिच्यावर एक उपाय शोधून काढला. दीनाताईची प्रार्थना कुणाच्या दाराशी थांबणार असं वाटलं, की कुणीतरी ठणठणीत आवाजात “आमेन!” म्हणायचं. एकाने म्हटलं की सगळ्यांना म्हणावंच लागतं, आणि आमेन झालं की प्रार्थना संपली. हा नियम तीही मानायची. वाक्य अर्ध्यावर टाकून, पदर सारखा करून खाली बसायची. माझ्या यजमानांचा ह्या कामात हातखंडा होता. ‘प्रभू, तुझा सेवक प्रभाकर’ एवढं ऐकू आलं की त्यांचं आमेन सुटायचंच.

दीनाताई अंधेरीला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. वायरी भोकात घालायच्या त्या जुन्या बोर्डापासून ते बटणांच्या बोर्डापर्यंत सगळी नोकरी तिने एकाच खुर्चीत काढली. लग्न केलं नाही. एकदा तिचे साहेब म्हणाले, अमुक माणसाचा फोन आला तर मी नाही म्हणून सांग. फोन आला. दीनाताई त्या माणसाला म्हणाली, “साहेब समोरच बसलेत, पण नाही म्हणून सांग म्हणतात.” साहेब खुर्चीतून उठले म्हणे. नोकरी जायचीच, पण गेली नाही. कारण पुढे हीच बाई ‘साहेब खरंच बाहेर गेलेत’ म्हणाली की गिऱ्हाईकं निमूट फोन ठेवायची. साहेबांना तसली ऑपरेटर सोयीची वाटायला लागली.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, बाई मोठी धीट असणार. छे! दीनाताईसारखं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लिफ्टमध्ये शिरली की ती प्रभूची प्रार्थना सुरू करायची आणि आमच्या मजल्यावर दार उघडेपर्यंत तिचं ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’पर्यंत आलेलं असायचं. राहिलेली बाहेर येऊन, भिंतीला टेकून पुरी करायची. दाराची बेल वाजली की दचकायची, स्वतःच्या घरची असो वा शेजारच्या. आणि खाकी कपडा दिसला की संपलंच. बँकेच्या दारावरच्या वॉचमनला ती न मागता पासबुक दाखवायची.

मी एकदा म्हटलं, “ताई, एवढी घाबरतेस, मग साहेबासमोर तसं बोलायला छाती कुठून आली?”

“अगं, छाती नव्हती म्हणून तर बोलले,” ती म्हणाली. “बोर्डावर एक वायर चुकीच्या भोकात गेली ना, की तिकडचा माणूस भलत्याच माणसाशी बोलत बसतो. मग ती सोडवायला दुसरी उपटा, तिसरी उपटा. खोटं बोलायचं म्हणजे रात्रंदिवस त्या वायरी डोक्यात धरायच्या. मला नाही झेपत. धीट माणसांचं काम आहे ते.”

तेव्हा मी हसले होते.

आम्ही नंतर कांजूरमार्गला राहायला आलो. दीनाताईनेही निवृत्तीच्या पैशातून आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर खोली घेतली. लिफ्ट नको म्हणून तळमजला. रविवारी आम्ही घाटकोपरला उपासनेला जायचो आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायचो. ह्याला आमच्यात कॉटेज मीटिंग म्हणतात. कॉटेज कसलं, वन बीएचके! पलंगावर बायका, जमिनीवर पुरुष, दाराबाहेर चपलांचा ढीग. दोन गीतं, एक वचन, मग एकामागून एक प्रार्थना आणि शेवटी चहा. एवढाच कार्यक्रम. बहुतेक वेळा तो आमच्याच घरी असायचा, कारण आमचा हॉल त्यातल्या त्यात मोठा.

आमच्या इमारतीतल्या सावंतवहिनीही येऊन बसायच्या. मालवणकडच्या, घरात गणपती आणणाऱ्या, उपासतापास करणाऱ्या बाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यांना त्याची जाम भीती वाटत होती. एकदा जिन्यात दीनाताई त्यांना म्हणाली, “मी पण भिते. या, दोघी मिळून भिऊ.” त्या आल्या, आणि येतच राहिल्या. गीतं चालू असताना डोळे मिटून गुडघा चोळत बसायच्या.

मग काही वर्षांपूर्वी हवा बदलली. फोनवर व्हिडिओ यायला लागले. कुठल्या तरी शहरात घरातल्या प्रार्थनेत माणसं घुसली, खुर्च्या फेकल्या. कुठे पाळकाला कॉलर धरून बाहेर काढलं. धर्म बदलायला लावता, असं म्हणत. आधी दूरच्या गावांची नावं असायची, मग जवळच्या. आम्ही ते व्हिडिओ एकमेकांना पाठवायचो आणि खाली प्रार्थनेचे जोडलेले हात. आमच्यात भेटल्यावर ‘सलाम’ म्हणायची पद्धत आहे; लिफ्टमध्ये आम्ही ‘नमस्कार’ म्हणायला लागलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आपोआप झालं ते. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

गीतं आम्ही कुजबुजल्यासारखी म्हणायला लागलो. तुम्ही कधी आनंदाचं गीत कुजबुजून म्हटलंय? चोर पोतं उचलताना एकमेकांना खुणावतात तसं वाटतं. जवळच्या कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडकडून वारा आला की मात्र आमची चंगळ. त्या वासाने सगळी इमारत खिडक्या बंद करून बसायची, मग आम्ही जरा गळा मोकळा करायचो. इतर लोक नाकाला रुमाल लावायचे, आम्ही देवाचे आभार मानायचो.

अशात मला ती कल्पना सुचली. मी तेव्हा साठी ओलांडलेली तरुणी होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. सूर गेला तरी अक्कल आहे, असा माझा दुसरा गैरसमज.

“टेबलावर केक ठेवायचा,” मी म्हटलं. “कुणी आलंच, तर वाढदिवस आहे म्हणायचं. वाढदिवसाला माणसं जमतात, गातात, टाळ्या वाजवतात. कोण काय म्हणणार?”

पाळकसाहेब नवीन होते, तिशीतले. घरी बायको आणि तान्हं बाळ. ते लगेच म्हणाले, “शीलाबाई, हे बरंय.”

झालं. दर शुक्रवारी केक. नावाची पाळी लावली : एकदा ह्यांचं, एकदा माझं, एकदा नातवाचं. बेकरीवाला शेवटी नाव लिहायचा क्रीमचा कोन हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. “आंटी, तुमच्या घरी दर शुक्रवारी कोण जन्मतं?”

मी त्याला म्हटलं, “मोठं कुटुंब आहे.”

दीनाताईने पहिल्या शुक्रवारी केकची बशी घेतलीच नाही.

“कुणाचा वाढदिवस?”

“कुणाचा नाही गं. तसंच.”

“मग मी नाही खात. जो जन्मलाच नाही त्याचा केक माझ्या घशाखाली कसा उतरायचा?” आणि प्रार्थनेत म्हणाली, “प्रभू, टेबलावर केक आहे. तो कुणाचा, हे आम्हांला सांगता यायचं नाही. उद्या दारावर कुणी विचारलं तर माझ्या तोंडून काय निघेल ते तुला ठाऊक आहे, आणि ह्या सगळ्यांनाही...”

“आमेन!” आमचे हे.

त्या रात्रीपासून आमची भीती दुहेरी झाली. बाहेरून येणाऱ्यांची एक, आणि आतल्या दीनाताईची दुसरी. ती आपणहून काही बोलायची नाही; पण कुणी विचारलं, की खरं सांगणार. फासावर चढवलं तरी सांगणार, आणि चढताना थरथर कापणार. सावंतवहिनी तिथे बसलेल्या असताना तिने खरं सांगितलं, तर पाळकसाहेबांवर काय शेकेल ते सगळ्यांना दिसत होतं. तिला येऊ नको म्हणून सांगायचं ठरलं. आणि हे काम कुणाचं? माझं. हुशार ना मी!

मी तिच्या खोलीवर गेले. माझं तोंड बघूनच ती म्हणाली, “मी येऊ नये म्हणून आलीस.”

मी चपला काढून दाराशीच टेकले.

“खरंय तुमचं. मला कुणी विचारलं तर मी बोलेन. आणि मला त्याची इतकी टरकते गं शीले, झोप लागत नाही.” ती गादीवर बसून चादरीचं टोक पिळत होती. “पण शुक्रवारी मी एकटी इथे बसून काय करू? तुम्ही सगळे तिकडे, आणि मी इथे भिंतीकडे बघत?”

शेवटी तिनेच मार्ग काढला. “असं कर. मला स्वयंपाकघरात बसव. दार लोटून घे. मी आतून ऐकते. हॉलमध्ये नसले तर मला कोण विचारणार?”

अशी आमची व्यवस्था झाली. हॉलमध्ये आम्ही सगळे आणि खोटा केक. स्वयंपाकघरात, फ्रीज आणि गॅसच्या मधल्या फटीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मंडळीतलं एकुलतं एक खरं बोलणारं माणूस, दाराआड लपवलेलं. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा आम्हांला ही उत्तम सोय वाटली होती.

तो शुक्रवार सुरू झाला तोच वाईट. वारा फिरला होता. डम्पिंगचा वास नाही, छान मोकळी हवा. सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघड्या. आम्ही पहिलं गीत अगदी हळू म्हटलं. दुसरं म्हणताना विसरलो. फार दिवसांनी सूर जमला होता, सावंतवहिनीही टाळीवर टाळी देत होत्या, आणि आमचे आवाज चढले.

बेल वाजली.

गीत तिथेच तुटलं. स्वयंपाकघरात स्टीलचं भांडं पडलं. आमच्या ह्यांनी दार उघडलं. बाहेर एक वयस्कर हवालदार, आणि त्याच्यामागे जिन्यावर पाच-सहा पोरं. त्यातल्या एकाने, काळ्या टी-शर्टातल्याने, फोन वर धरला होता. त्या फोनचं ते काळं गोल भिंग मला आजही दिसतं. ते आधी चपलांच्या ढिगावर फिरलं, मग आमच्या तोंडांवर.

“तक्रार आलीय,” हवालदार म्हणाला. “काय चाललंय?”

“वाढदिवस!” आम्ही सगळे.

“कुणाचा?”

हे म्हणाले, “हिचा.” मी म्हटलं, “नातवाचा.” पाळकसाहेबांनी नुसतं केककडे बोट दाखवलं. केकवर ह्यांचं नाव होतं.

हवालदाराने केक पाहिला, आम्हांला पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, आणि कळूनही त्याला ते वाढवायचं नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. “बरं, बरं,” तो म्हणाला. “आवाज कमी ठेवा. पाणी द्या जरा.”

मी उठणार इतक्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. पोलिसाने पाणी मागितलं आणि दीनाताईने ते ऐकलं. मग ती बसून कशी राहील? दोन्ही हातांत पेला धरून ती आली. पेला असा हलत होता, की निम्मं पाणी तिच्याच पायावर सांडलं.

हवालदार चांगुलपणाने म्हणाला, “काय आजी, खाल्ला का वाढदिवसाचा केक?”

दीनाताईने तोंड उघडलं. “साहेब, खरं सांगायचं तर...”

आणि आम्ही सगळे, पाळकसाहेबांसकट, एका आवाजात, ठणठणीत ओरडलो, “आमेन!”

कुणी ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय ती, जीभच वळली. सगळ्या जिन्यात तो आवाज घुमला. फोनवाला पोरगा खदखदून हसला. “वाढदिवसाला आमेन? आता बोला ना! काय बोलता?”

मी पलंगाची कड धरली. नियमाप्रमाणे दीनाताई आता गप्प बसायला हवी होती. पण ही काही प्रार्थना नव्हती.

“वाढदिवस नाही, साहेब,” ती म्हणाली. “प्रार्थना आहे. दर शुक्रवारी असते. हे लोक भितात, म्हणून केक आणतात. मी पण भिते.”

“बाहेरचं कोण आहे इथे? आपल्यातलं?” पोरगा आत यायला लागला. “कुणाला आणून बसवलंय?”

मी दीनाताईच्या तोंडाकडे बघत होते. तिने सावंतवहिनींकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “ह्या सावंतवहिनी,” ती म्हणाली. “मीच बोलावलं ह्यांना. ऑपरेशनची भीती वाटते म्हणून येतात. मी बोलावलं. पाळकसाहेबांनी नाही.”

सावंतवहिनी पलंगाला रेटा देऊन उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

“मी माझ्या पायान् इलंय,” त्या पोराला म्हणाल्या. “गुडघो दुखता, तरी इलंय. माका कोणी ओढून नाय हाडल्यान. कायव बदलूक नाय. सकाळी देवपूजा करून इलंय. तुझ्या आवशीचो गुडघो दुखता तेव्हा तू तिच्या वांगडा बसतंस काय? मगे? तो फोन खाली कर आधी.”

पोरगा जरा मागे सरला, पण फोन खाली केला नाही. हवालदाराने सुस्कारा टाकला. आता त्याच्याही हातात काही राहिलं नव्हतं. “उद्या सकाळी चौकीवर या,” तो आमच्या ह्यांना म्हणाला. “तुम्ही, बाई, पाळक आणि ह्या आजी. जबाब लागेल.”

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. आम्ही दाराला टेबल लावून झोपलो, एवढंच.

सकाळी चौकीवर तोच हवालदार होता. बाहेर तीच पोरं उभी होती. हवालदाराने आम्हांला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघा. वाढदिवसानिमित्त जमलो होतो, असंच लिहितो. चौघांनी सह्या करा नि घरी जा. पोरं ओरडतील दोन दिवस. प्रार्थना लिहिली ना, तर वर जाईल. मग ते पाळक, ती शेजारीण, कोणी काय तक्रार देईल, माझ्या हातात राहणार नाही.”

देवमाणूस होता. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. ह्यांनी पेनसुद्धा काढलं.

“असं नको लिहू रे बाबा,” दीनाताई म्हणाली.

“ताई,” मी तिच्या कानात म्हटलं, “कर ना गं सही. तुझ्या पाया पडते.”

पाळकसाहेब तिच्यापुढे उकिडवे बसले. “दीनाताई, माझं बाळ सहा महिन्यांचं आहे.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. “पाळकसाहेब, तुम्ही म्हणाल तसं करते. तुम्ही मला तोंडाने सांगा, ‘दीना, खोटं बोल.’ एवढं म्हणा. मी सही करते आणि पुन्हा ह्याबद्दल काही बोलणार नाही.”

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. बाकावर बसलेली मी मनात म्हणत होते, म्हण रे पोरा, म्हणून टाक. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, मग हवालदाराकडे, आणि हळूच म्हणाले, “प्रार्थना लिहा.”

“च्यायला, काय माणसं आहात,” हवालदार म्हणाला, आणि नवीन कागद घेतला.

दीनाताईने सांगितलं तसं त्याने लिहिलं. आतून साहेब आले, त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. “‘आम्ही घाबरलो होतो म्हणून केक आणला.’ हे कोणी सांगितलं?”

“मी,” दीनाताई.

“कुणाला घाबरलात?”

तिने दाराबाहेरच्या पोरांकडे पाहिलं. मग साहेबांच्या खाकी छातीकडे. “सगळ्यांना,” ती म्हणाली. “तुम्हांला पण.”

साहेबांनी कागदाची घडी घातली. मग तो टेबलावर ठेवून म्हणाले, “जा तुम्ही. लागलं तर बोलावू.”

त्यांनी आम्हांला परत बोलावलं नाही. हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा दर वेळी फोन वाजला, बेल वाजली, की आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो; पाळकसाहेबांची बदली होईपर्यंत त्यांची बायको बाळाला घेऊन माहेरीच राहिली. सोसायटीत घरी माणसं जमवू नयेत अशी नोटीस लागली. सावंतवहिनींचं ऑपरेशन झालं आणि त्यांचे यजमान त्यांना आमच्या मजल्यावर येऊ देत नाहीत. त्या खालून हाक मारतात, मी गॅलरीतून बोलते. आमच्या घरी शुक्रवारी आता आम्ही दोघंच बसतो, आणि अजूनही हळूच गातो. दीनाताईचा भाचा मालाडला असतो. त्याने तो व्हिडिओ पाहिला होता, आणि चौकीतूनच तो तिला आपल्या घरी घेऊन गेला. पुन्हा तिला एकटं राहू दिलं नाही. मालाड म्हणजे आम्हांला मुंबईचं दुसरं टोक; आम्ही फोनवर बोलायचो. गेल्या पावसाळ्याआधी ती तिथूनच प्रभूकडे गेली. त्यामुळे मी तिला शेवटची पाहिली ती चौकीच्या दारात.

लोकांना वाटतं, मी तिच्यासाठी मागे थांबले. कसलं काय! पाळकसाहेब आणि हे भाच्याची गाडी बघायला पुढे गेले, आणि बाहेर ती पोरं उभी होती म्हणून मी दाराआड थांबले. दीनाताई एकटीच बाहेर पडली. चौकीला मोजक्याच पायऱ्या, पण उंच, आणि कठडा नाही. ती वरच्या पायरीवर अडकली. काळ्या टी-शर्टातला पोरगा फोन धरून सरळ तिच्या तोंडापुढे आला.

“आजी, कॅमेऱ्यासमोर खरं बोला. काय चाललं होतं तिथे?”

“सांगते रे,” ती म्हणाली. “आधी हात दे. ह्याला कठडा नाही, मला भीती वाटते.”

तो गोंधळला. त्याने मागे मित्रांकडे पाहिलं. तिने हात पुढे केलेलाच होता. शेवटी त्याने फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा तिला दिला. तिने तो मनगटापासून घट्ट धरला.

पहिली पायरी. “आम्ही दर शुक्रवारी जमतो.” ती थांबली, दम घेतला. फोन त्याच्या डाव्या हातात खाली लोंबत होता, त्यात तिच्या चपला आणि त्याचे बूट तेवढे येत असतील. दुसरी पायरी. “गातो. मग प्रार्थना करतो. आजारी माणसांची नावं घेतो.” तो तिच्याबरोबर वाकून उतरत होता. तिने पुढचा पाय टाकला, तो घसरल्यासारखा झाला, आणि तिने त्याचा दंडच पकडला.

“सावकाश, आजी,” त्याच्या तोंडून निघून गेलं.

आणि लगेच त्याने घाबरून मागे वळून बघितलं, मित्रांनी ऐकलं का ते.